रिकामा चाप

बाई अंबाड्यातला आकडा काढायच्या, पण केस सारखे करायला नव्हे. कुणी समोर जुनी रायफल आणून ठेवली की त्यांचा हात आपोआप मानेमागे जायचा. आकडा निघायचा, पर्समधून चिमूटभर कापूस निघायचा आणि आकड्याच्या टोकाला गुंडाळला जायचा. मग रायफलीचा बोल्ट काढून, मागच्या बाजूने, जिथे गोळी बसते त्या घराच्या कडेवरून बाई तो कापूस हलकेच फिरवायच्या. अंबाडा एका अंगाला कलंडलेला, एक डोळा मिटलेला, आणि ओसरीवरचं सगळं घर गप्प उभं. शेवटी निकाल लागायचा. "सरकला" किंवा "अडकला".

"कापूस सरकला तर रायफल, अडकला तर काठी." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या ओसऱ्यांवर ते मी इतक्यांदा ऐकलं की माझ्याही तोंडात बसलं. एकदा म्हशीच्या सडावरून बोट फिरवता फिरवता मी "अडकला" म्हणून गेलो आणि मालकिणीचा चेहरा पडला. तिची समजूत काढता काढता माझी दुपार गेली.

मी गुरांचा डॉक्टर. माझा आणि बंदुकीचा संबंध एवढाच की तिच्या आवाजाने म्हशी पान्हा चोरतात. बाई भोरच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मला भेटल्या तेव्हा निवृत्त झाल्या होत्या, पण कमरेवर हात ठेवून उभं राहण्याची सवय निवृत्त झाली नव्हती. कापूरहोळजवळच्या एका गावात मी अडलेल्या म्हशीसाठी गेलो होतो. त्याच अंगणात सुती साडी आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट अशा वेशातल्या एक बाई मालकाची हजेरी घेत होत्या. त्याने निरोप धाडला होता की घरात पॉइंट टू-टूची विलायती रायफल आहे. निघाली छऱ्याची बंदूक. बाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाल्या, जत्रेत फुगे लावा, चार माणसं हसतील तरी. मग माझ्याकडे वळून, न विचारताच, त्यांनी माझी बॅटरी हातात घेतली. वासरू बाहेर पडेपर्यंत तो उजेड जरासुद्धा हलला नाही. इतका स्थिर हात मी आमच्या खात्यातही पाहिला नव्हता.

निघताना म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही घरोघर जाता. गोठ्यात बघता तसं माळ्यावरही बघत जा."

त्या दिवसापासून मी त्यांचा हेर झालो.

आता तुम्ही विचाराल, की निवृत्त शिक्षिकेला रायफली कशाला? नेमबाजी शिकणाऱ्यांसाठी. लहान गोळीची ही पॉइंट टू-टू रायफल पन्नास मीटरवरच्या कागदावर मारायची असते. नवी परदेशी घ्यायची तर म्हशींनी भरलेला गोठा विकावा लागेल. बाईंच्या हाताखाली तयार झालेल्या पोरी स्पर्धा खेळून परवान्यापर्यंत पोचायच्या आणि तिथेच अडून बसायच्या, कारण हातात स्वतःचं हत्यार नाही. दुसरीकडे आमच्या डोंगरातल्या जुन्या घरांत कुणाच्या आजोबांनी हौसेने घेतलेली अशी एखादी रायफल कापडात गुंडाळून पडलेली असते. तिच्या गोळ्या गावाकडे मिळत नाहीत, ती डुकरावर चालत नाही, आणि विकावी तर घराण्याची अब्रू आडवी येते. या दोन टोकांची गाठ घालणं हा बाईंचा उद्योग होता. कायद्याच्या मात्र त्या फार कडक. "कागद आधी, चहा नंतर," म्हणायच्या आणि परवाना बघितल्याशिवाय खरंच कपाला हात लावायच्या नाहीत.

निवडणूक लागली की बाईंना सण असायचा. परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात, तेव्हा त्या ठाण्यासमोरच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून ठाण मांडायच्या. खांद्यावर खोळ टाकून येणाऱ्या माणसाची चाल बघून सांगायच्या, ही बारा बोअरची आहे, ही जोडनळी आहे, ही आपली असू शकते. पहिल्या वेळी पोलिसांनी त्यांना दोनदा हटकलं. पुढच्या निवडणुकीला हवालदाराने आतून खुर्ची आणून दिली.

आमच्याकडे एक रीत आहे. दसऱ्याला हत्यार पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू वाहायचा, आणि पूजा झाली की घरातल्या प्रत्येकाने एकदा रिकामा चाप ओढायचा. खट् आवाज झाला की पूजा देवाला पोचली. बाराच्या बंदुकीचं त्याने फारसं बिघडत नाही. पण या लहान रायफलीचा ठोका गोळीच्या मध्यावर बसत नाही, कडेवर बसतो. गोळी नसली की तो सरळ गोळीच्या घराच्या काठावर आपटतो. वर्षानुवर्षं आपटला की काठ चेपतो, तिथे पोलादाचा काटा उभा राहतो, मग गोळी नीट बसत नाही आणि उडालीच तर कुठेही जाते. बाईंचा कापूस तो काटा शोधायचा. म्हणजे झालं असं, की ज्या घराने रायफल विसरून माळ्यावर टाकली तिथे ती शाबूत, आणि ज्या घराने माया केली तिथे ती कामातून गेलेली. बाईंना या गोष्टीचं फार वाईट वाटायचं. मला तेव्हा वाटे, जरा जास्तच वाटतं.

मार्गासनीच्या एका घरी कापूस अडकला तेव्हा त्यांनी सोप्यातल्या उखळाकडे बोट दाखवून समजावलं होतं. उखळात भात नसताना मुसळ मारलं तर काय होईल? उखळ फुटेल. तसंच हे आहे. घरची मालकीण शांतपणे म्हणाली, "आमी दसऱ्याला मुसळाला हळद लावतो बाई. रिकाम्या उखळात घालीत न्हाई. ह्ये बाप्यांचं काम." बाईंना हसू आवरेना. पण उठताना त्यांनी घरातल्या सगळ्या बाप्यांना उभं करून वदवून घेतलंच, की रिकामा चाप ओढायचा नाही, बोल्ट उघडा ठेवायचा, म्हणजे ठोका पडतच नाही.

बोलण्याआधी बाई अर्धा श्वास सोडायच्या. चाप ओढण्यापूर्वी नेमबाज सोडतो तसा. नवख्याला वाटायचं, बाई रागावल्या. मला मात्र तो श्वास कधी रागाचा, कधी गमतीचा आणि कधी काहीतरी गिळून टाकण्याचा आहे, हे ओळखू यायला लागलं होतं. वेल्ह्यापलीकडच्या पासली गावाचं नाव काढलं की तो तिसरा श्वास यायचा.

पासलीला आबा राहतात. वय नव्वदीकडे झुकलेलं, दृष्टी अजून शाबूत. त्यांची बैलजोडी दुखण्याखुपण्याला माझ्याकडे. त्यांच्या घरात चेकोस्लोव्हाकियाची एक जुनी लहान रायफल आहे, हे मला ठाऊक होतं. बघायला जायचं का म्हणून मी बाईंना दोन-तीनदा विचारलं. दर वेळी अर्धा श्वास आणि एकच उत्तर, "ती ठाऊक आहे मला. ती असू दे." मला वाटलं, जुनं भांडण असणार. पण सुगी झाली की आबा तांदळाची पिशवी घेऊन एसटीने भोरला यायचे ते थेट बाईंच्या दारात. बाई त्यांना वाकून नमस्कार करायच्या, जेवू घालायच्या. निघताना आबा म्हणायचे, ये की एकदा, तुझी बंदूक वाट बघतीय. बाई म्हणायच्या, येते. आणि जात नसत.

मग त्यांचा उजवा डोळा बिघडला. काचबिंदू. मला त्यांनी ते सांगितलं तेही त्यांच्या पद्धतीने. "डॉक्टर, बैलाचा एक डोळा गेला तर तुम्ही काय सांगता?"

"बाजू बदलून जुंपा म्हणतो."

"मग मलाही सांगा," म्हणाल्या आणि हसल्या. त्यांनी डाव्या डोळ्याने मारून पाहिलं होतं. जमलं नव्हतं. उजव्या डोळ्यात अजून थोडा उजेड होता, आणि तो किती दिवस राहील हे डोळ्यांचे डॉक्टर सांगत नव्हते. त्या संध्याकाळी बाईंनी पहिल्यांदा पासलीची गोष्ट काढली.

त्यांचे वडील वेल्ह्याला तलाठी होते. बाई कॉलेजात नेमबाजी शिकल्या, पण कॉलेजच्या रायफली खिळखिळ्या. राज्याची स्पर्धा आली तेव्हा वडिलांच्या ओळखीने आबांनी आपली रायफल दिली. परवाना आबांच्या नावाचा, म्हणून आबा स्वतः बरोबर गेले. रायफल घोंगडीत गुंडाळलेली, एसटीत मांडीवर आडवी. पुण्यात स्पर्धा संपेपर्यंत आबा बाईंच्या मागे जमिनीवर बसून होते, पाणी प्यायलाही उठले नाहीत. बाई पहिल्या आल्या. रायफल परत करायला त्या पासलीला गेल्या तेव्हा हलगी वाजली, ओवाळलं, गावातली पोरंबाळं आबांच्या अंगणात मावली नाहीत. त्यानंतर बाईंनी कितीतरी स्पर्धा मारल्या, स्वतःची रायफल घेतली. पण त्या म्हणाल्या, त्या दिवशीसारखं हात, डोळा आणि श्वास पुन्हा कधी एका जागी आले नाहीत.

"डोळा आहे तोवर मला तिच्यानं एकदा मारायचंय, डॉक्टर. एकदाच. दसऱ्याला नेता का मला?"

दसऱ्याला मी मोटारसायकल काढली. बाई जरीच्या साडीत, पायात तेच कॅनव्हासचे बूट. कापूरहोळपर्यंत त्या बोलत होत्या, नसरापूरनंतर कमी बोलू लागल्या आणि वेल्हं ओलांडल्यावर गप्पच. भात निसवून लोंब्या वाकल्या होत्या. एरवी बाईंनी थांबून एखादी लोंबी दाताखाली धरली असती. त्या दिवशी त्यांनी शेताकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आनंद झालाय म्हणून गप्प आहेत.

आबा ओट्यावर वाटच बघत होते. "आलीस का पोरी," एवढंच म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले. आत पाटावर रायफल मांडलेली होती. दस्ता तेलाने चकाकत होता, नळीला झेंडूची माळ. घरची लेकसुना, नातवंडं, माहेरवाशिणी, सगळी रांगेने उभी. मी विचारलं, रांग कशाची? आबांनी मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"हिनं जिंकून आनली न्हवं, त्या दिशी आमच्या पोरांला हिनंच दावलं, नेम कसा धरायचा, चाप कसा वडायचा. म्हनली, रिकामी हाय, वडा बिनघोर. तवापास्नं एक दसरा चुकला न्हाई. घरातलं लहान-थोर समदी वडत्यात. हिच्यावानी व्हावं म्हून."

मी बाईंकडे पाहिलं. त्या पाटाकडे बघत होत्या. पासलीचं नाव निघालं की येणाऱ्या त्या तिसऱ्या श्वासाचा अर्थ मला तिथे उभ्या उभ्या कळला.

त्यांच्या कापसाची कीर्ती पासलीपर्यंत पोचली होती. आबाच म्हणाले, काढ तुझा आकडा, बघू दे पोरांला. सगळे हसले. बाईंनी आकडा काढला, कापूस गुंडाळला, बोल्ट बाजूला केला. दाराच्या उजेडात रायफल धरून त्यांनी टोक आत घातलं. मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो, म्हणून मला दिसलं. कापूस जागच्या जागी धरला गेला. बाईंनी आकडा किंचित फिरवला, ओढला. आकडा बाहेर आला तो उघडाच. कापूस आतच राहिला होता.

घर वाट बघत होतं. बाईंनी अर्धा श्वास सोडला.

"सरकला," त्या म्हणाल्या.

"म्या म्हनलंच व्हतं," आबा म्हणाले. त्यांच्या अंगात एकदम तरणा माणूस शिरला. म्हणाले, मग चल पुण्याला, मी येतो. परवाना अजून माझाच आहे, आणि घोंगडीही तीच आहे. सुनेला त्यांनी घोंगडी आणायलाही धाडलं. ज्यासाठी बाई आल्या होत्या, ते आबा दोन्ही हातांनी पुढे करत होते.

बाई त्यांच्यासमोर खाली बसल्या. "आबा, रायफल चांगली आहे. माझा डोळा गेलाय. आता मला नाही मारता येणार."

त्या डोळ्यात अजून उजेड होता, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. आबांनी घोंगडीची घडी मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मंग एकदा चाप तरी वड. तुज्या हातचा."

किती घरांत बाईंनी लोकांच्या हातातून रायफली काढून घेतल्या होत्या, याच एका गोष्टीसाठी. किती जणांशी त्यांनी वाईटपणा घेतला होता. त्या उठल्या. दस्ता खांद्याला लावला, गाल टेकवला, आंधळा होत चाललेला डोळा नळीवर आणला. हात तसाच स्थिर होता. पुन्हा अर्धा श्वास, आणि खट्. मग रांगेतल्या प्रत्येकाने ओढला. दर खट्ला बाई मान हलवून, छान म्हणत होत्या.

परतताना मार्गासनीला चहाला थांबलो. कप हातात धरून त्याच बोलल्या.

"तेव्हा मला माहीतच नव्हतं हो. कॉलेजात आम्ही सगळेच ओढायचो. पुढे कळलं, त्या दिवशी पहिली आठवण पासलीची झाली. तेव्हाच गेले असते, तर वाचली असती. पण कुठल्या तोंडानं जायचं? आज जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ करत राहिले. दोन तालुक्यांत सगळ्यांना सांगत फिरले, आणि त्या एका घरी सांगायचं राहिलं."

मी म्हणालो, दुरुस्तीला नेऊ या, कोणी ना कोणी काठ घासून देईल. त्यांनी मान हलवली. काटा थोडा असेल तर दाबून बसवता येतो, इथे काठच खाल्ला गेलाय, आणि वर नळीत इतक्या वर्षांची हळद. शिवाय न्यायची म्हटली तर का न्यायची ते आबांना सांगावं लागेल. त्यांनी ज्याला पूजा म्हटलं त्यानेच ती गेली, हे त्या म्हाताऱ्याला या वयात कशाला कळायला हवं. चहा तसाच निवला. टपरीवाल्याने विचारलं, दुसरा देऊ का, तर बाई नको म्हणाल्या आणि माझ्या मागे येऊन बसल्या.

त्यानंतर त्यांनी रायफली शोधणं सोडून दिलं. मी एखादा माळा सांगायचो, तर म्हणायच्या, बघू. होळीच्या सुमारास एके सकाळी त्या उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या. गाजावाजा न करता जाणं बाईंच्या स्वभावातलंच होतं, पण मला त्यांचा राग आला. अजून अधूनमधून येतो. त्यांची स्वतःची रायफल कायद्याप्रमाणे ठाण्यात जमा करायची होती. पुतण्या खोळ खांद्यावर टाकून आत गेला आणि मी समोरच्या टपरीवर बसलो. हवालदार बाहेर आला, माझ्याकडे पाहिलं, आणि आतून ती खुर्ची आणून माझ्या शेजारी ठेवून गेला. तिच्यावर कुणी बसलं नाही.

यंदा दसऱ्याला पासलीला कुणाचं जनावर आजारी नव्हतं. तरी गेलो. पाट मांडला होता, झेंडूची माळ होती, रांगही उभी होती. पूजा झाली आणि थोरला मुलगा सवयीने पुढे झाला. आबांनी हात आडवा केला.

"औंदा न्हाई. बंदुकीला सुतक हाय."

सून हळूच म्हणाली, मामंजी, होळीपासून दसऱ्यापर्यंत कुठं सुतक असतं? आबा म्हणाले, माझ्या घरात असतं. रांग मोडली. पोरं आपट्याची पानं घेऊन बाहेर पळाली. इतक्या वर्षांत त्या घरात पहिल्यांदा चाप ओढला गेला नाही, आणि ते बघायला बाई नव्हत्या.

आबांनी बोल्ट उघडला आणि रायफल माझ्यापुढे धरली. "डाक्टर, तुमी तिच्या संगं लई हिंडलात. तुमाला कळतंय. त्या दिशी कापूस सरकला व्हता न्हवं?"

मी ती दाराच्या उजेडात नेली. गोळीच्या घराच्या काठावर, खोल आत, बाईंच्या कापसाचा एक पुंजका अजून अडकलेला होता. पिवळा पडला होता.

"सरकला होता, आबा," मी म्हणालो.

आबांनी मान डोलावली, आणि बोल्ट तसाच उघडा ठेवून रायफल घोंगडीत गुंडाळली.